परत यायची फी: तालुक्याच्या गावातल्या एका ओपीडीचा अँटिबायोटिकचा हिशेब

पार्श्वभूमी

दवाखाना बाजारपेठेच्या रस्त्यावर आहे, एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. डॉक्टर एमबीबीएस, वडिलांच्या वेळची प्रॅक्टिस. सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते नऊ मिळून दिवसाला साठेक पेशंट होतात. फी १०० रुपये. कंपाउंडर अण्णा वडिलांच्या काळापासूनचे. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी एक तरुण डॉक्टर मदतीला बसतो. खाली डॉक्टरांच्याच मालकीचा गाळा आहे, त्यात मेडिकल. हा गाळा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

मी मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे सामाजिक आणि प्रतिबंधक वैद्यकशास्त्र शिकवतो आणि हे डॉक्टर माझे वर्गमित्र. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव गाळलं आहे आणि घरगुती तपशील बदलले आहेत. दवाखान्यातले आकडे अण्णांनी मोबाइलवर काढलेल्या चिठ्ठ्यांच्या फोटोंवरून मोजले, त्यामुळे ते ढोबळच समजावेत.

प्रश्न कुठे दिसला

पावसाळा नुकताच सुरू झाला होता. द्राक्षबागेत रोजाने जाणारी एक बाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन चौथ्यांदा आली. सोबत कॅरीबॅग. तिच्यातून तिने तीन चिठ्ठ्या, तीन बिलं आणि अर्धवट संपलेल्या बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. "डॉक्टर, चार हेलपाटे झाले. पोराचा खोकला काही जाईना. आता तरी स्ट्राँग औषध द्या."

मी त्या दिवशी सहज गप्पा मारायला गेलो होतो. बाई गेल्यावर आम्ही दोघांनी त्या चिठ्ठ्यांचा माग काढला. पहिल्या दिवशी सर्दी, थोडा ताप, खोकला. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटचं पातळ औषध आणि सर्दीचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी मूल जुलाबांनी हैराण. हे त्या औषधाचं नेहमीचं दुखणं आहे, पण आईला कसं कळावं? तिच्या लेखी आजार वाढला होता. मग ओआरएस, झिंक, प्रोबायोटिकची पाकिटं. सहाव्या दिवशी खोकला तसाच, म्हणून सेफिक्झिम आणि नवीन कफ सिरप. तीन वेळची फी ३०० रुपये, औषधं साधारण ५६० रुपये. तीन वेळा अर्धा दिवस खाडा. तिचा रोज ३५० रुपये, म्हणजे आणखी सव्वापाचशे. सर्दीला चौदाशे रुपये लागले आणि सर्दी होती तिथेच.

बाईला कोणीच न सांगितलेली गोष्ट अशी की हा खोकला एवढे दिवस राहतोच. मुलांमधल्या साध्या खोकल्याचा २०१३ साली जो आढावा घेतला गेला, त्यात दहापैकी नऊ मुलं बरी व्हायला २५ दिवस लागतात असं दिसलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका आढाव्यात मोठ्या माणसांचा खोकला सरासरी अठरा दिवस टिकलेला आढळला, पण लोकांची अपेक्षा मात्र सात ते नऊ दिवसांची होती. मधल्या नऊ-दहा दिवसांत पेशंट पुन्हा दवाखान्यात येतो, आणि दुसरी, तिसरी चिठ्ठी तेव्हाच लिहिली जाते.

त्या रात्री डॉक्टरांनी अण्णांना सांगितलं की दोन आठवडे प्रत्येक चिठ्ठीचा फोटो काढायचा.

पैसे कोणाच्या खिशातून जातात

साठपैकी निम्मे पेशंट सर्दी, खोकला, घसा आणि साधे जुलाब या चार तक्रारींचे निघाले. त्यांतल्या दहापैकी सहा-सात जणांच्या चिठ्ठीवर अँटिबायोटिक होतं. सकाळी कमी, संध्याकाळी आठनंतर जवळजवळ सगळ्यांच्या. हे पाहून डॉक्टर खजील झाले. मला मात्र नवल वाटलं नाही. अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या नोंदींवर २०१४ साली जो अभ्यास झाला त्यातही ओपीडीचे तास चढत जातात तसं अँटिबायोटिक लिहिण्याचं प्रमाण चढत गेलेलं दिसलं होतं. माणूस थकला की हात ओळखीच्या नावाकडे जातो.

हिशेब सोपा आहे. दिवसाला तीस पेशंट, त्यांतल्या वीसएक जणांना अँटिबायोटिक. अझिथ्रोमायसिन ५००च्या तीन गोळ्या सत्तरेक रुपयांना पडतात, अमॉक्सिक्लॅव्ह ६२५ दहा घेतल्या तर दोनशेच्या पुढेमागे. सरासरी शंभर धरू. दिवसाला दोन हजार, महिन्याच्या पंचवीस दिवसांचे पन्नास हजार, वर्षाचे सहा लाख. हे एका दवाखान्याचं झालं, आणि गावात असे बरेच आहेत. शिवाय अँटिबायोटिक कधी एकटं जात नाही. सोबत ॲसिडिटीची गोळी जाते, 'ताकदीची' गोळी जाते, अलीकडे प्रोबायोटिकही जातं. चिठ्ठी म्हणजे आमच्याकडे वरात असते.

देशपातळीवर चित्र वेगळं नाही. खासगी क्षेत्रातल्या औषधविक्रीच्या २०१९च्या आकड्यांवर बेतलेल्या अभ्यासात सगळ्यात जास्त खपलेलं अँटिबायोटिक अझिथ्रोमायसिन ५०० होतं, त्याच्यामागे सेफिक्झिम २००. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ही दोन्ही औषधं 'वॉच' गटात मोडतात, म्हणजे जंतू त्यांना सरावू नयेत म्हणून जपून वापरायची. आपल्याकडे ती सर्दीला जातात. आणि ओपीडीतली औषधं सहसा कुठल्याही विम्यात बसत नसल्याने हा पैसा थेट घरातूनच जातो.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. डॉक्टरांना विचारलं, "अरे, तुला माहीत आहे की हे व्हायरल आहे, अँटिबायोटिकने जाणार नाही. मग लिहितोस का?" उत्तर आलं ते विज्ञानाचं नव्हतं. "तो परत आला तर पुन्हा शंभर रुपये मोडणार. न लिहिता परत आला तर म्हणणार, पहिल्याच वेळी का दिलं नाही? आणि कधीकधी परत येतच नाही, समोरच्याकडे जातो. तिथे सुई आहे, सलाईन आहे."

म्हणजे ती गोळी आजारावर नव्हती. परत यावं लागू नये म्हणून दोघांनी मिळून काढलेला तो विमा होता. हप्ता पेशंट भरत होता. डॉक्टरांची पाच मिनिटं वाचत होती, कारण नाव लिहायला अर्धं मिनिट लागतं आणि 'हे औषध का नको' हे समजावायला पाच. त्या पाच मिनिटांची वेगळी फी आपल्याकडे कोणी देत नाही.

गंमत अशी की हा विमा परतीची फेरी वाचवतही नाही. इंग्लंडमध्ये घशाच्या दुखण्यावर झालेला आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. ज्यांना सुरुवातीलाच अँटिबायोटिक दिलं, त्यांतले शंभरात ३८ जण पुढे घसा दुखतो म्हणून पुन्हा आले. ज्यांना दिलं नाही किंवा थांबून घ्यायला सांगितलं, त्यांतले २७. एकदा गोळी मिळाली की माणूस शिकतो, घसा दुखला की डॉक्टर लागतो.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय माझा, आणि तो अगदी मास्तरी होता: बंदच करून टाक. डॉक्टर हसले. समोरचा दवाखाना तीस पावलांवर आहे. शिवाय सरसकट बंद करणं वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर नाही. शाळकरी मुलाला ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेत दुखऱ्या गाठी आणि खोकला मात्र नाही, असं चित्र असेल तर स्ट्रेप्टोकोकस या जंतूचा विचार करावाच लागतो. या जंतूमुळे पुढे येणारा संधिवाताचा ताप आणि त्यातून हृदयाच्या झडपांचा आजार आपल्या देशातून अजून गेलेला नाही.

दुसरा पर्याय, तपासणी करून ठरवायचं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी). काही देशांत दवाखान्यातल्या सीआरपी तपासणीने अँटिबायोटिकचा वापर उतरला आहे, व्हिएतनामच्या प्रयोगातही उतरला होता. पण इथे सत्तर रुपयांची गोळी वाचवायला तिच्या कितीतरी पट पैसे लॅबला द्यावे लागले असते, आणि तेही त्याच बाईने. लॅबच्या कमिशनचा विषय निघाला तेव्हा डॉक्टरांनी हा पर्याय स्वतःच खोडला.

तिसरा, स्वस्त ब्रँड किंवा जनऔषधीची औषधं लिहायची. यात पेशंटचं बिल नक्की कमी होतं. पण औषध नकोच असेल तर ते स्वस्तात देऊन काय मिळवलं? उलट स्वस्त गोळी लिहिताना हात जास्त सैल सुटतो, हा डॉक्टरांचाच अनुभव.

चौथा, थांबून घ्यायची चिठ्ठी. "औषध लिहून देतो, पण तीन दिवसांत उतार पडला नाही तरच घ्या." इंग्लंडमध्ये हे चालतं. आपल्याकडे पेशंट जिना उतरला की मेडिकल, तिथे तीन दिवस कोण थांबतो? आणि तीच चिठ्ठी पुढच्या सर्दीलाही चालते, शेजारणीलाही चालते. सेफिक्झिमसारखी औषधं २०१४पासून औषध नियमांतल्या एच-१ या कडक यादीत आहेत, दुकानदाराने नोंदवहीत नाव लिहायचं असतं. पण अझिथ्रोमायसिन त्या यादीत नव्हतं, आणि नोंदवही चिठ्ठीची तारीख जुनी आहे म्हणून कोणाला परत पाठवत नाही.

पाचवा पर्याय अण्णांनी सुचवला. तो या प्रकरणातला कळीचा मुद्दा ठरला. ते म्हणाले, "साहेब, पाच दिवसांत परत आला तर फी घेऊ नका. लोक शंभर रुपयाला भितात, खोकल्याला नाही."

काय केलं

चौथा आणि पाचवा पर्याय जोडला. पाच दिवसांच्या आत त्याच तक्रारीसाठी परत आलं तर फी नाही, असं चिठ्ठीवर शिक्क्याने छापलं. जिथे डॉक्टरांना थोडी शंका, तिथे अँटिबायोटिकची चिठ्ठी लिहायची, पण ती अण्णांकडे पाकिटात ठेवायची. पाकिटावर नाव आणि तारीख. उतार पडला नाही तर येऊन न्यायची, नेताना अण्णा ताप आणि श्वास विचारणार, गडबड वाटली तर आत पाठवणार. आठवडा उलटला की पाकीट फाडायचं.

दुसरी गोष्ट, अँटिबायोटिक लिहिलं की त्याखाली मराठीत कारण लिहायचं: 'टॉन्सिलमध्ये पू', 'लघवीचा जंतुसंसर्ग'. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने जानेवारी २०२४मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना नेमकं हेच सुचवलं होतं. खासगी ओपीडीला ते लागू नव्हतं, पण युक्ती चांगली होती. 'सर्दी' हे कारण स्वतःच्या हाताने लिहिताना पेन अडतं.

तिसरी, खोकला किती दिवस राहणार हे आकड्यात सांगायचं. "बरा होईल" असं नाही, "दोन-तीन आठवडे राहील, पाचव्या दिवशी कमी वाटेल" असं. आणि कधी धावत यायचं तेही सांगायचं: श्वास जोरात चालला, मूल पीत नाही, ताप तीन दिवसांच्या पुढे गेला. हे सांगायला पाच मिनिटं लागतील अशी भीती होती. सवय झाल्यावर दीड-दोन मिनिटांत होऊ लागलं.

जिथे फसलं

दुसऱ्या महिन्यात दोन गोष्टी घडल्या.

पहिली मेडिकलची. दुकानदार वर आले. भांडायला नव्हे, चहा प्यायला. बोलता बोलता म्हणाले, "डॉक्टरसाहेब, काही चुकलं का आमचं? चिठ्ठ्या पातळ झाल्यात." मार्चमध्ये गाळ्याचा करार संपत होता. मागच्या वेळची भाडेवाढ दुकानाच्या गल्ल्याकडे बघूनच ठरली होती. डॉक्टरांना त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं की आपण लिहिलेल्या प्रत्येक पट्टीतले काही पैसे भाड्याच्या वाटेने आपल्याकडेच येत होते. एमआरच्या, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या भेटवस्तूंवर कंपन्यांसाठीच्या २०२४च्या आचारसंहितेने बंधन आणलं, पण स्वतःच्याच गाळ्याच्या भाड्याबद्दल कोण विचारणार? "मी कधी त्यासाठी लिहिलं नाही," असं ते मला म्हणाले. माझा विश्वास आहे. पण कमी लिहावं असं वाटायला त्यांच्याकडे पैशाचं एकही कारण नव्हतं, हेही तितकंच खरं.

दुसरी घटना जास्त बोचरी. पाच वर्षांची मुलगी, सर्दी आणि कान दुखतो म्हणून संध्याकाळी पावणेनऊला आली. बाहेर गर्दी. कानात नीट बघायचं राहिलं. औषधं दिली, पाकीट अण्णांकडे ठेवलं, 'उतार नाही पडला तर परत या, फी नाही' असं सांगितलं. ही माणसं चौदा किलोमीटरवरच्या वाडीतली. दुसऱ्या दिवशी रात्री ताप चढला, तेव्हा शेवटची एसटी गेलेली. तिसऱ्या दिवशी कानातून पू आला. त्यांनी वाडीजवळच्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक द्यायला हवं होतं. मुलगी बरी झाली. पण तिचे वडील येऊन सगळ्या पेशंटसमोर बोलून गेले: "फी नाही म्हणता. येण्याजाण्याचं भाडं आणि माझा रोज कोण देणार?"

पुढचे तीन-चार आठवडे डॉक्टर जुन्या वळणावर गेले. चिठ्ठ्यांचे फोटो पाहिले तर आकडा पुन्हा दहापैकी पाचावर. मी त्यांना दोष देत नाही. न दिलेल्या गोळीची एक चूक साऱ्या गावासमोर येते. दिलेल्या वीस फुकट गोळ्यांचे जुलाब, पुरळ आणि खर्च घराघरांत विखुरतात, त्यांची बेरीज कुणी मांडत नाही.

मग ठरवलं ते असं. एक, कान दुखत असेल तर कान पाहिल्याशिवाय चिठ्ठी नाही. ऑटोस्कोप कपाटातून टेबलावर आला. दोन, पाकीट फक्त गावातल्यांसाठी. लांबून आलेल्यांना चिठ्ठी हातातच द्यायची, वर ठळक तारीख टाकून, आणि दुसऱ्या दिवशी अण्णांनी फोन करायचा. तीन, संध्याकाळी आठनंतर नंबर लावणं बंद.

निकाल

वर्षाने, पुढच्या पावसाळ्यात, पुन्हा दोन आठवडे फोटो काढले. त्याच चार तक्रारींत आता दहापैकी तिघांना अँटिबायोटिक जात होतं. सकाळ-संध्याकाळचा फरक कमी झाला, गेला नाही. अझिथ्रोमायसिन बरंच उतरलं, जिथे खरंच गरज तिथे साधं अमॉक्सिसिलिन जास्त दिसू लागलं. जुन्याच हिशेबाने दिवसाला अकरा पट्ट्या कमी, म्हणजे अकराशे रुपये, महिन्याला साडेसत्तावीस हजार. हे पेशंटच्या घरात राहिले. वरातीतल्या गोळ्या आणि बुडालेला रोज यात धरलेला नाही.

डॉक्टरांच्या बाजूने पाहिलं तर चित्र उलटं आहे. फुकट परतीच्या फेऱ्या दिवसाला दोन-तीनच होतात, भीती होती त्याहून कितीतरी कमी. पण आठनंतर नंबर बंद केल्याने रोजचे चार-पाच पेशंट गेले. मार्चमध्ये करार झाला तेव्हा भाडं वाढलं नाही, तेवढ्यावरच भागलं. काही जुनी घरं समोर गेली, वाड्यांवरची काही नवीन आली. एकूण मिळकत थोडी घटली. पैसे वाचले ते एका खिशात, गेले ते दुसऱ्या, आणि या दोन खिशांना जोडणारी कुठलीही वाट सध्या नाही.

औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंचं काय झालं, हे एका दवाखान्याच्या चिठ्ठ्यांवरून कळणार नाही. तो दावा मी करत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

मेडिकलवाल्यांशी आधी बोलायला हवं होतं. त्यांना सगळं चिठ्ठ्या पातळ झाल्यावर कळलं, आणि तोवर त्यांनी दोन-चार पेशंटना "डॉक्टरांनी दिलं नाही तरी मी देतो" म्हणून पट्टी दिलीही होती. गाळ्याचं भाडं गल्ल्यापासून तोडून बाजारभावाने ठरवलं असतं तर डॉक्टरांची रात्रीची झोपही वाचली असती.

तरुण डॉक्टरला आम्ही निर्णयात घेतलंच नाही, फक्त सूचना दिली. त्याच्या तीन संध्याकाळच्या चिठ्ठ्यांवर कारणाची ओळ आजही निम्म्या वेळा कोरी असते. तो म्हणतो, "सर, पेशंट तुमचं ऐकतात. मला विचारतात, मोठे डॉक्टर कधी येणार?" त्याचं म्हणणं खोटं नाही. 'काही नको' असं सांगायला जी पत लागते, ती वडिलांच्या पाटीबरोबर मिळालेल्या माणसाकडे असते, नव्याकडे नसते. निदान दोघांच्या सहीचा एक कागद भिंतीवर लावायला हवा होता, सर्दी-खोकल्याला आम्ही लगेच अँटिबायोटिक देत नाही, असा. अमेरिकेत एका प्रयोगात डॉक्टरांच्या सहीच्या अशा फलकाने अनावश्यक चिठ्ठ्या चांगल्याच उतरल्या होत्या, आणि त्याला खर्च फ्रेमचा. आमचा फलक अजून अण्णांच्या पुतण्याकडे छापायला पडून आहे.

आणि लांबच्या पेशंटचा विचार पहिल्या दिवशी करायला हवा होता. पन्नास-साठ टक्के माणसं खेड्यांवरून येतात हे डॉक्टरांना पाठ होतं, तरी योजना बाजारपेठेत राहणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून आखली गेली.

पाकिटांचा खोका अण्णांच्या खुर्चीजवळ असतो. शनिवारी ओपीडी संपली की ते मुदत उलटलेली पाकिटं काढून मोजतात आणि फाडतात. मागच्या शनिवारी मी तिथे होतो. एकोणीस ठेवली होती, पाच नेली होती. चौदा फाडली. एकावरचं नाव वाचून अण्णा थांबले आणि त्यांनी फोन लावला. पलीकडून बाई म्हणाली, पोरगं शाळेत गेलंय, खोकतंय अजून थोडं.